बंदुकीचा वायसर

माझं पोटापाण्याचं काम भोसरीला, हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सचं. त्यामुळे सील, ओ रिंग (गोल रबरी कडी), वायसर असल्या विषयांवर ओळखीतले लोक मला कधीही फोन करतात, कुकरची रिंग बदलायची असली तरी मलाच, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण हल्ली या फोनवाल्यांत एअरगनवाल्यांची, म्हणजे छर्र्याच्या बंदुका बाळगणाऱ्यांची, भर पडलीय आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, की बाबा सगळ्यात भारी सील कुठलं तेवढं सांग, पैशाचं बघू आपण.

आता याला काय उत्तर देणार. व्हिटॉन नावाचं रबर भारी म्हणावं तर आहेच, २०० अंशांपर्यंत तग धरतं, महागही आहे, म्हणजे लोकांना पटतं. पॉलीयुरेथेन घासलं तरी पटकन झिजत नाही. नायट्राइल स्वस्तातलं, तेलाला दाद देत नाही, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर मूठभर घेऊन या. आणि यातलं एकही मी मामांच्या बंदुकीत घातलेलं नाही, चामडं घातलंय. सील स्वतःहून चांगलं किंवा वाईट नसतं हो, ते ज्या घरी नांदायला जाणार ते घर कसं आहे त्यावर सगळं असतं. हे फोनवर सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो आणि मग परत विचारतो, ते ठीके, पण भारी कुठलं?

बऱ्याच जणांना वाटतं की छर्र्याच्या बंदुकीत हवा भरून ठेवलेली असते. नळी मोडून छर्रा भरायच्या ज्या आपल्या साध्या बंदुका असतात त्यांच्यात तसलं काही नसतं. नळी खाली ओढली की आतला पिस्टन मागे सरकतो, त्याच्या मागची जाडजूड स्प्रिंग दबते आणि चापाच्या खटक्याला अडकून राहते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, समोरची हवा काही मिलिसेकंदांत एवढी दाबली जाते की ती कित्येक शे अंश तापते, आणि मग एका बारीक भोकातून सुटून छर्र्याच्या पाठीत बसते. एवढाच कारभार. यात हवा निसटायला दोन जागा, एक पिस्टनच्या तोंडावरचा वायसर आणि दुसरी नळी जिथे सिलेंडरला येऊन टेकते तो सांधा. बाकी बंदूक कितीही देखणी असो, दस्ता अक्रोडाचा असो, या दोन जागा गळत असतील तर छर्रा दहा मीटरवर पोचेपर्यंत दमलेला असतो.

आणि छर्रा न भरता चाप ओढायचा नाही हे जे सांगतात ते यासाठीच. छर्रा नसला की हवेला अडवायला कुणी नाही, पिस्टनसमोर हवेची उशी तयारच होत नाही, तो जाऊन धाडकन सिलेंडरच्या टोकावर आदळतो. वायसर मधे चेपला जातो, स्प्रिंगलाही दणका बसतो. आपल्यातल्या बहुतेकांची पहिली बंदूक म्हणजे जत्रेतली नाहीतर चौपाटीवरची, फुगे फोडायची. तिची नेम धरायची माशी मुद्दाम वाकडी केलेली असते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, असेलही, मला त्या लोकांशी भांडायचं नाही, पण दिवसभर बार काढून काढून आणि पोरांनी मोकळाच चाप ओढून ओढून त्या बंदुकीच्या वायसरची जी दशा झालेली असते ती बघता माशी सरळ असती तरी आपण काय मोठे तीर मारणार होतो.

तर मामांची बंदूक. डायना २७, जर्मन, मालवणच्या घरात आजोबांच्या वेळेपासून आहे. सिलेंडरच्या मागच्या टोकाला बारीक आकडे ठोकलेले असतात, महिना आणि वर्ष, त्यावरून ती ६० च्या दशकातली निघाली. बागेत माकडं उतरली की मामा पलीकडच्या विहिरीच्या जुन्या पत्र्यावर एक छर्रा मारायचे, खण्णकन आवाज झाला की माकडं पळायची, बंदुकीला एवढंच काम. आणि बंदूक रुसली की मामांकडे औषध एकच, खोबरेल. 'तेका तेल व्हया' म्हणायचे आणि भोकातून चार थेंब सोडायचे. पुढचे काही बार असे दणदणीत निघायचे की अंगणात धूर, आणि मामा खूश, की बघ कशी सुधारली. सुधारली कसली, आत तापलेल्या हवेने ते तेल पेटायचं. त्याला डिझेलिंग म्हणतात, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसताना हेच होतं. तेवढ्यापुरता जोर वाढल्यासारखा वाटतो पण वायसरची कड जळते आणि आत काजळी धरते. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, मालवणात ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण बंदूक माझ्याकडे पुण्यात आली ती डिसेंबरात आणि सकाळी सकाळी नळी मोडली तर पिस्टन अक्षरशः झोपेतून उठल्यासारखा सरकला.

पण मामांची निम्मी गोष्ट बरोबर होती हेही सांगायला पाहिजे. चामड्याच्या वायसरला तेल लागतंच. स्टोव्हच्या पंपाचा वायसर आठवतोय का? वाटीसारखा, चामड्याचा, सुकला की पंप नुसता फुसफुस करायचा आणि आई त्याला तेल पाजून परत घालायची. सायकलच्या पंपात तोच, जुन्या हापशात तोच मोठा, आणि डायना २७ च्या पिस्टनवरही तोच. वाटीची कड हवेच्या दाबाने बाहेर फुलते आणि भिंतीला घट्ट चिकटते, दाब गेला की सैल. तेल फक्त पेटणारं नको, सिलिकॉनचं घ्यायचं, आणि थेंबाच्या हिशोबात.

उघडायची म्हणजे दस्ता काढायचा, मग सुताराच्या लांब क्लॅम्पमधे बंदूक आडवी धरून मागचं टोक दाबून ठेवायचं, पिना काढायच्या आणि क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. स्प्रिंग पूर्ण सुटलेली असतानाही ती आत थोडी दाबलेलीच बसवलेली असते, नुसत्या हातांनी हे करायला जाऊ नका, तोंडासमोर तर अजिबात नको. आणि नळी अर्धी मोडून हात आत घालून बसू नका, खटका सुटला तर बोटं जातात. या जुन्या डायनांची एक गंमत म्हणजे त्यांच्या खटक्यात तीन स्टीलच्या गोळ्या असतात, छोट्या, सायकलच्या छर्र्यांसारख्याच, आणि त्या तिघी मिळून पिस्टनचा दांडा धरून ठेवतात. ज्याने कुणी हे डोकं चालवलं त्याला सलाम, चाप असा मऊ लागतो की बस. पण उघडताना त्या टुणटुण बाहेर पडतात, म्हणून मी सगळा कार्यक्रम स्टीलच्या परातीत केला, बायको विचारत होती आज बंदुकीची कणीक मळतोयस का. परत बसवताना गोळ्यांना दाट ग्रीस लावायचं, ग्रीसच त्यांना जागेवर धरतं.

वायसर निघाला तो काळा ठिक्कर. एका बाजूची कड घासून चकचकीत, दुसऱ्या बाजूला तडे, नखाने दाबलं तर दबायचं नाव नाही. मधला स्क्रू सोडवायलाच मला सगळ्यात जास्त घाम आला, चांगला रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, वाइसमधे पिस्टन फडक्यात गुंडाळून, थोडी उष्णता. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, सुटला.

मग प्रश्न तोच, काय घालायचं. कारखान्यातला आमचा टर्नर म्हणाला, साहेब चामडं कसलं घालताय या जमान्यात, पिस्टनचं तोंड लेथवर थोडं टर्न करू, पीयूचं म्हणजे पॉलीयुरेथेनचं सील बसवू, मस्तपैकी. त्याचं म्हणणं चूक नाही, आत्ताच्या बंदुकांत सिंथेटिकच असतं. पण सिंथेटिक सीलला सिलेंडर आतून गुळगुळीत लागतो आणि मापही नेमकं, जरा सैल झालं तर गळतं, जरा घट्ट झालं तर स्प्रिंगचा निम्मा जोर घासण्यातच जातो. चामड्यासाठी बनवलेल्या जुन्या सिलेंडरमधे बोट घातलं तरी हत्याराच्या बारीक रेघा लागतात. चामडं त्या रेघा भरून घेतं, स्वतःच तिथल्या आकाराचं होतं. पीयूची पातळ कड त्याच रेघांवर किसली जाणार. म्हणजे सील बदलायचं तर सिलेंडर होन करा, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करा, पिस्टन टर्न करा, थोडक्यात सुनेसाठी सासर पाडून नवीन बांधा. कशाला?

आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ७० आणि ८० च्या दशकांतल्या काही नामांकित जर्मन बंदुका, फाइनवेर्कबाऊची १२४, डायनाचीच मॅचसाठीची ७५, यांची कारखान्यातून आलेली सिंथेटिक सीलं कपाटात ठेवल्या ठेवल्या मेली. एकही छर्रा न मारता. उघडल्यावर आत तपकिरी मेणचट चुरा. पॉलीयुरेथेनच्या एका जातीला, पॉलिएस्टरवाल्या, हवेतलं पाणी हळूहळू तोडत जातं, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. पॉलिईथरवाल्या जातीला पाण्याचा त्रास तेवढा नाही, पण बाजारात गाळ्यावर विचाराल की दादा यातलं हे कुठलं, तर तो तुमच्याकडे बघत बसेल. आम्हाला कारखान्यात सवय असते की सील मरतं ते कामाने मरतं, इतके स्ट्रोक झाले, बदला. मशीन बंद असताना सील म्हातारं होतं हे शेड्यूलमधे लिहिलेलंच नसतं. आणि ही बंदूक परत मालवणला जाणार, माळ्यावर गोणपाटात, चार महिने पाऊस, भिंतीला हात लावला तर ओला. चामड्यालाही तिथे बुरशी धरते, खोटं कशाला बोलू, पण बुरशी डोळ्यांना दिसते, पुसता येते, आणि सुकलेला वायसर तेलाने पुष्कळदा परत येतो. चुरा झालेलं पीयू परत येत नाही.

जाता जाता, ७० च्या दशकात दहा मीटरच्या स्पर्धा ज्या बंदुकीने गाजवल्या त्या फाइनवेर्कबाऊ ३०० च्या पिस्टनवर रबरही नाही आणि चामडंही नाही, धातूची रिंग आहे, मोटारच्या इंजिनात असते तसली. म्हणजे भारी सीलवाल्या मंडळींनी यावर जरा विचार करावा. ती रिंग चालते कारण तो सिलेंडरच तसा बनवलेला आहे.

चामडं घ्यायला कोल्हापूरला गेलो, तसंही लग्न होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मधे जीआय मानांकन मिळालं ते सगळ्यांना माहितीय, पण त्या चपलेचं खरं काम कमावण्यात असतं, बाभळीची साल आणि हिरडा घालून. असं झाडपाल्याने कमावलेलं चामडं ओलं करून साच्यात दाबलं की सुकल्यावर तोच आकार धरून ठेवतं. पर्स-जॅकेटचं जे क्रोमने कमावलेलं मऊ चामडं असतं ते दाबलं तरी परत उठतं. सुभाषनगरला एका कारागिरांकडे गेलो, साठीचे असतील, मी म्हटलं काका तीन मिलिमीटरच्या आतबाहेरचा तुकडा पाहिजे.

'कशाला पायजे ओ?'

'बंदुकीला.'

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी घाईघाईत छर्र्याची, छर्र्याची म्हणालो आणि मोबाईलवर वायसरचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, मग ढिगातून एक तुकडा काढला, बाहेरची बाजू वर करून दुमडला, घडीवर अंगठा फिरवला आणि टाकून दिला. दुसरा काढला, तोही टाकला. तिसऱ्याच्या घडीवर तडा दिसला नाही. 'पाठीचं हाय, पोटाचं घेऊ नगा, पोटाचं ताणतंय,' म्हणाले. बारीक पट्टीने जाडी बघितली, पैसे घेताना म्हणाले हिच्यात माझ्या पोराच्या दोन चपला झाल्या असत्या, बारक्या पोराच्या.

पुढचं काम संथ. गोल चकती कापायची, कोमट पाण्यात भिजवायची, टर्नरने करून दिलेल्या छोट्या साच्यात बोल्टने आवळायची आणि सावलीत सुकू द्यायची. उन्हात नाही आणि हेअर ड्रायर तर नाहीच, चामडं आक्रसतं. सुकल्यावर वाटीची कड ब्लेडने सरळ करायची, पिस्टनवर चढवायची आणि थोडी मोठी असेल तर पॉलिश पेपरवर फिरवत फिरवत मापात आणायची. माप व्हर्नियरने घेऊन समाधान होत नाही, याची खरी परीक्षा हाताची. स्प्रिंग न घालता नुसता पिस्टन सिलेंडरमधे सोडायचा, तो आपल्या वजनाने घसरत खाली जाता कामा नये आणि ढकलायला कोपरही लावावं लागू नये. मग पुढच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि पिस्टन आत ढकलायचा. वायसर बसला असेल तर समोर हवा दाटते आणि पिस्टन हाताला परत ढकलतो, ढकलत राहतो. ते एकदा हाताला कळलं की मग आकड्यांची गरज वाटत नाही.

मधे एक धोका असतो जो नवीन माणसाला कुणी सांगत नाही. सिलेंडरला खाली लांब फट असते, नळी मोडताना पिस्टन मागे ढकलणारा दांडा सरकायला, आणि त्या फटीच्या कडा धारदार असतात. नवा वायसर आत ढकलताना त्या कडेवर हमखास कापला जातो. आधी बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने बर, म्हणजे धातूची उठलेली धार, काढायची, आतला कीस फडक्याने पुसायचा, आणि तरीही मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची गुंडाळी आत सरकवून त्यातून पिस्टन नेतो. घरात म्हाताऱ्या माणसांचे एक्स-रे असतातच.

नळीच्या सांध्याचा वायसर छोटा, पण लोक जास्त तिथेच फसतात. जुना काढतात, त्याचं माप घेतात आणि तेवढाच नवा आणतात. जुना चपटा झालेला असतो, रबराचा असेल तर तेल पिऊन फुगलेला असतो नाहीतर सुकून आखडलेला, त्याचं माप म्हणजे आजारी माणसाचं वजन. माप खाचेचं घ्यायचं, बाहेरचा व्यास, आतला व्यास, खोली. ओ रिंग असेल तर ती खाचेच्या वर इतकी यायला हवी की नळी मिटल्यावर तिच्या जाडीच्या साधारण दहा ते पंचवीस टक्के दबेल, आणि दबल्यावर पसरायला खाचेत जागाही हवी, कारण रबर दाबून लहान होत नाही, नुसतं आकार बदलतं. जागाच नसेल तर नळी नीट मिटत नाही किंवा रिंगची साल निघते. आणि इंची-मेट्रिकचा घोळ वेगळाच, १.७८ ची रिंग आणि २ ची रिंग हातात घेतली तर जुळ्या बहिणी वाटतात. चामडं असेल तर वायसर जरासा कमी पडला की त्याच्याखाली कागदाची चकती कापून घालायची, मी पोस्टकार्डाची घातली.

गळती बघायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी सांध्यावर ठेवायची आणि सुरक्षित दिशेला, नीट मागे अडसर असलेल्या जागी एक छर्रा मारायचा. पट्टी उडाली तर गळतंय. पोस्टकार्डाआधी उडत होती, नंतर नुसती थरथरली, अजून एक चकती घातली तेव्हा जागची हलली नाही.

स्पर्धेच्या बंदुका हे वेगळं जग आहे. २००८ ला अभिनव बिंद्राचं सोनं आलं ते दहा मीटर एअर रायफलचं, २०२२ ला कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याच प्रकारात जगज्जेता झाला, त्यामुळे आता बालेवाडीला रेंजवर आईबापांची गर्दी असते आणि त्यांच्यापैकी काहींचे फोन मला येतात. त्या बंदुकांत २०० बारपर्यंत हवा भरलेला सिलेंडर असतो, त्याच्यावर तारीख असते आणि दहा वर्षांनी तो बाद, तिथे नो जुगाड. तसल्या दाबाला नेहमीची ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रिंग फटीत घुसून कुरतडली जाते, ९० ची लागते. तेच ९० शोअर कमी दाबाच्या जागी घातलं तर कडक म्हणून नीट टेकतच नाही आणि गळतं. म्हणजे बघा, एकाच बंदुकीत दोन खाचांना दोन वेगळी उत्तरं. आणि तिथे पेट्रोलियमचं ग्रीस चुकूनही नाही, दाबलेल्या हवेत ते पेटू शकतं. त्या पालकांना मी सांगतो, कंपनीचं किट घ्या, ज्याला येतं त्याच्याकडून बसवून घ्या, हवा पूर्ण सोडल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा हलवू नका.

मामांना फोन केला, झाली म्हटलं बंदूक.

'मगे, ताकद वाढली?'

'नाही मामा, पहिली होती तेवढी परत आली.'

'म्हणजे वाढली नाय? मगे इतके दिवस काय करी होतस?'

मी त्यांना समजावलं की कडक स्प्रिंग घालून जोर वाढवायचा नसतो, वायसरची वाट लागते, शिवाय आपल्याकडे २० जूलच्या वर गेलं की लायसन लागतं. ते ऐकत होते की नाही माहीत नाही, कारण मधेच त्यांनी शेजाऱ्यांचं काढलं. शेजारच्या घरात इंडियन ह्यूम पाइपवाल्यांची जुनी नॅशनल एअरगन आहे, तीही गळते म्हणे, आणि माझ्याकडे चामडं उरलंय तर तोच वायसर तिला पण घाल असं मामांनी त्यांना परस्पर कबूल करून टाकलंय. बंदूक पुढच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाठवतो म्हणत होते, मी म्हटलं एसटीने नको, मी मे महिन्यात येतो तेव्हा तिथेच उघडू. चामड्याचा तुकडा आणि साचा घेऊन जाईन, पण त्या पिस्टनवर काय आहे ते बघितल्याशिवाय आत्ताच कापून ठेवणार नाही.